उडी अंगठ्याने मारायची की बोटांनी?

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी वडिलांबरोबर हाताच्या बाह्यरुग्ण विभागात आला. तक्रार एका वाक्याची होती. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येते. ड्रॉइंगच्या तासाला पेन्सिल धरवत नाही, बाटलीचे झाकण उघडत नाही, आणि सेमिस्टरची परीक्षा पाच आठवड्यांवर आली आहे.

"मोबाइल काढून घ्या म्हणून सांगा डॉक्टर, आमचं तो ऐकत नाही," वडील म्हणाले.

"मोबाइल नाही सर, गेम," मुलगा म्हणाला. "सेलेस्ट. आधी लॅपटॉपच्या कीबोर्डवर खेळायचो. दिवाळीत गेमपॅड घेतला."

डॉक्टरांनी त्याला अंगठा मुठीत बंद करायला सांगितला आणि मूठ हळूच करंगळीच्या बाजूला वाकवली. मुलगा खुर्चीतून अर्धा उठला. डाव्या हाताला तेच केले तेव्हा फक्त ताण जाणवला. ही तुलना महत्त्वाची असते. निरोगी मनगटालाही या चाचणीत थोडे दुखते, आणि घरी आरशासमोर ती करून पाहून स्वतःला आजार जडवून घेणारे पुष्कळ असतात.

त्याला झालेल्या दुखण्याला डी क्वेरव्हेनचा आजार म्हणतात. फ्रिट्झ डी क्वेरव्हेन या स्विस शल्यचिकित्सकाने त्याचे वर्णन १८९५ साली केले. अंगठा बाहेर आणि वर उचलणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या कडेला एका अरुंद बोगद्यातून जातात. तीच हालचाल पुन्हा पुन्हा झाली की बोगद्याचे आवरण जाड होते, जागा कमी पडते आणि प्रत्येक हालचालीला कंडरा घासली जाते. हा आजार पुष्कळदा दिसतो तो तान्ह्या बाळांच्या आयांमध्ये. बाळाला काखेत धरून उचलताना अंगठा ताणलेला आणि मनगट वाकलेले असते, दिवसातून कितीतरी वेळा. गेम खेळणाऱ्या मुलाचे आणि बाळंतिणीचे दुखणे एकच निघावे, यात हसण्यासारखे काही नाही. कंडरेला खेळ आणि संगोपन यातला फरक कळत नाही.

प्रश्न होता तो पुढचा. गेम बंद कर, असे सांगणे सोपे आहे, आणि ते पाळले जात नाही. मग उडी मारायची तर कशाने मारायची? कीबोर्डने की गेमपॅडने? खेळणारे हा वाद गुणांच्या अंगाने घालतात, म्हणजे कशावर लवकर पुढे जाता येते, कशावर चुका कमी होतात. हाताच्या अंगाने तो क्वचितच घातला जातो. खरे तर ही दोन्ही उत्तरे एकमेकांशी जोडलेली आहेत, कारण दोन्ही ठिकाणी मोजायचे ते हेच, की कोणते काम कोणत्या बोटाकडे गेले.

प्लॅटफॉर्म गेम म्हणजे धावत, उड्या मारत, खड्डे आणि काटे चुकवत पुढे जाण्याचा खेळ. चाळिशीच्या पुढच्या वाचकांनी तो नक्की खेळलेला आहे. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे यंत्र आणि त्यात घालायची 'कॅसेट' महाराष्ट्रातल्या गावोगावी पोहोचली होती. हातातल्या पॅडला घराघरांत 'रिमोट' म्हणत, आणि तो कोणाकडे जाणार यावरून भावंडांची भांडणे होत. त्यावर मारिओ खेळला गेला. दुसरीकडे शाळा-कॉलेजांच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये, सर बाहेर गेले की, डेव्ह सुरू होई. जॉन रोमेरोने लिहिलेला 'डेंजरस डेव्ह' १९८८ साली अ‍ॅपलच्या संगणकासाठी आला आणि १९९० साली डॉसवर. मारिओ अंगठ्याने उडी मारत होता, डेव्ह बोटाने. म्हणजे आपल्याकडे हा वाद तेव्हाच सुरू झाला होता, फक्त कोणी त्याला वाद म्हणत नव्हते.

अंगठा या खेळात आला कसा, हेही पाहण्यासारखे आहे. १९८१ साली निन्टेन्डोचा 'डाँकी काँग' आला तो पार्लरमधल्या उभ्या यंत्रावर. त्यात डाव्या हाताने दांडी धरायची आणि उजव्या हाताच्या बोटांनी उडीचे बटण दाबायचे. दांडीला हात, मनगट आणि कोपरापर्यंतचे स्नायू लागत. मग हाच खेळ खिशात मावणाऱ्या, पुस्तकासारख्या मिटणाऱ्या 'गेम अँड वॉच'मध्ये बसवायची वेळ आली. दांडी ठेवली तर यंत्र मिटणार नाही. निन्टेन्डोचे अभियंते गुन्पेई योकोई यांनी १९८२ साली दांडीऐवजी चपटे, अधिक चिन्हाच्या आकाराचे बटण दिले. डावा अंगठा त्यावर ठेवायचा आणि चारी दिशांना टेकवायचा. पुढच्या वर्षी आलेल्या फॅमिकॉम यंत्राच्या पॅडवर तेच बटण बसले, १९८५ साली 'सुपर मारिओ ब्रदर्स' त्यावर खेळला गेला, आणि तेव्हापासून जवळपास प्रत्येक पॅडवर त्याचे काही ना काही रूप आहे. हाताचे काम अंगठ्याकडे गेले ते जागेच्या अडचणीमुळे. अंगठा त्या कामाला जास्त योग्य आहे असा अभ्यास करून कोणी तो निवडला नव्हता.

तरी निवड वाईट नव्हती. अंगठा हा हातातला सर्वांत स्वतंत्र गडी आहे. त्याच्या मुळाचा सांधा घोड्याच्या खोगिरासारखा, दोन्ही अंगांनी वळणारा, आणि त्याला हलवायला आठ-नऊ स्नायू. मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराच्या हालचालींचा जो नकाशा आहे, त्यात एकट्या अंगठ्याला मिळालेली जागा त्याच्या आकाराच्या मानाने फार मोठी आहे. पण त्याच सैल, सर्वांगी वळणाऱ्या सांध्याची किंमतही आहे. चिमटीत लावलेला जोर अंगठ्याच्या मुळाशी कित्येक पटींनी वाढून पोहोचतो. म्हणून उतारवयात हातातला जो सांधा अनेकदा झिजतो, तो हाच.

बोटांचे गणित वेगळे. वाचकांनी इथे एक प्रयोग करून पाहावा. तळहात टेबलावर टेकवा, मधले बोट दुमडून तळव्याखाली घ्या, बाकीची बोटे पसरलेली राहू द्या. आता अंगठा उचला, तर्जनी उचला, करंगळी उचला. सगळी उचलतात. आता अनामिका उचलून पाहा. ती टेबलाला चिकटल्यासारखी राहते. बोटे सरळ करणाऱ्या कंडरा हाताच्या मागच्या बाजूला आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. तर्जनीला आणि करंगळीला स्वतःचा एकेक जादा स्नायू आहे, अनामिकेला तो नाही. तिला शेजाऱ्यांना विचारून हलावे लागते.

कीबोर्डवर याचा थेट परिणाम होतो. प्लॅटफॉर्म गेम बहुतेक वेळा उजवीकडे पळतो. बाणांच्या कळांवर उजव्या हाताची तीन बोटे ठेवली की डावीकडचा बाण तर्जनीखाली येतो आणि उजवीकडचा अनामिकेखाली. म्हणजे ज्या दिशेला सर्वांत जास्त पळायचे, ती दिशा सर्वांत परावलंबी बोटाकडे. तीच बोटे डाव्या हाताची, आणि कळा डब्ल्यू, ए, एस, डी या घेतल्या, की उजवीकडची धाव तर्जनीला मिळते. डाव्या हाताने दिशा आणि उजव्या हाताने स्पेस बार किंवा शेजारची कळ दाबून उडी, ही मांडणी अनेकांच्या हाताला सोपी पडते, त्यामागचे एक कारण हे असावे. गेममध्ये कळा बदलण्याची सोय बहुधा असते. ती न पाहताच महिनोन्‌महिने खेळणारे खूप.

त्या मुलाच्या वडिलांचीही इथे एक गोष्ट आहे. तेही पॉलिटेक्निकला असताना डेव्ह खेळलेले. मुलाचा गेमपॅड त्यांनी एकदा हातात घेतला आणि पहिल्याच खड्ड्यात पाच वेळा पडले. "आमच्या वेळी एवढं अवघड नव्हतं," असे त्यांचे मत झाले. अडचण वयाची नव्हती. डेव्हमध्ये पळणे आणि उडी दोन्ही उजव्या हाताच्या बाणांवर होते, वरचा बाण म्हणजे उडी. डावा हात गोळी झाडायला. गेमपॅडवर दिशा डाव्या अंगठ्याकडे जाते आणि उडी उजव्या. म्हणजे त्यांच्या मेंदूत एका हातात बसलेले काम दोन हातांत वाटले गेले आणि दिशेचा हातच बदलला. सायकलचे दोन्ही ब्रेक उलटे बसवून दिले तर जसे होईल तसे. साधन बदलणाऱ्या प्रत्येकाचे पहिले काही दिवस असे जातात. एका संध्याकाळच्या अनुभवावरून 'मला पॅड जमत नाही' किंवा 'कीबोर्ड बेकार आहे' हे ठरवण्यात अर्थ नसतो. नवी हालचाल शिकल्यावर मेंदू ती झोपेतही पक्की करत असतो. आठवडाभर रोज अर्धा-पाऊण तास खेळून मग मत बनवावे.

आता गुणांचा भाग. टोकाच्या अचूक खेळात दोन्ही साधनांचे स्वभाव वेगळे पडतात. एका दिशेकडून दुसरीकडे झटकन वळायचे असेल तर कीबोर्डवर दोन वेगळी बोटे तयार असतात, एक सुटते त्याच क्षणी दुसरे दाबते. पॅडच्या अधिक चिन्हावर एकाच अंगठ्याला एका टोकाकडून दुसऱ्याकडे जावे लागते. गोल फिरणाऱ्या काडीला, म्हणजे अ‍ॅनालॉग स्टिकला, मधल्या बिंदूतून पलीकडे जावे लागते, तिथे आणखी थोडा वेळ जातो. तिरकी दिशा हवी असेल तर कीबोर्डवर दोन कळा एकत्र दाबल्या की ती नेमकी मिळते. काडीवर ती अंदाजाने साधावी लागते, आणि 'सेलेस्ट'सारख्या खेळात, जिथे हवेत आठ दिशांना झेप घेता येते, तो अंदाज चुकला की खाली काटे असतात.

उलट जिथे हळू चालणे, जोरात चालणे आणि धावणे यांत फरक आहे, तिथे कीबोर्ड हरतो. कळ एक तर दाबलेली असते किंवा नसते. १९९६ सालच्या 'सुपर मारिओ ६४'मध्ये काडी किती कलली यावर मारिओ दबक्या पावलांनी जाणार की पळणार हे ठरत असे. त्रिमितीतल्या, सगळ्या बाजूंना फिरण्याच्या अशा खेळांना काडी लागतेच. २०१० सालचा 'सुपर मीट बॉय' मात्र सपाट, दोन मितींतला, तरीही त्याची संगणकावरची आवृत्ती गेमपॅड वापरण्याची शिफारस करत असे. ती ऐकून कोणी लगेच दुकानात जाण्याची गरज नाही. कीबोर्डवर तो संपवणारे आहेत, आणि 'सेलेस्ट' वेगाने संपवण्याच्या शर्यतीत उतरणाऱ्यांतही दोन्ही साधने वापरणारे आहेत.

स्वस्त कीबोर्डचा एक दोष मात्र खरा आहे आणि तो खेळणाऱ्याच्या माथी मारला जातो. बहुतेक साध्या कीबोर्डमध्ये प्रत्येक कळेला स्वतंत्र तार नसते. आडव्या आणि उभ्या तारांची जाळी असते आणि कोणती आडवी कोणत्या उभीला चिकटली यावरून कळ ओळखली जाते. जाळीतल्या चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम दाबल्या तर चौथीही दाबल्यासारखी भासते. हा घोटाळा टाळण्यासाठी कीबोर्ड तिसरी कळ सरळ नाकारतो. प्लॅटफॉर्म गेममध्ये धावण्याची कळ, दिशा आणि उडी अशा तीन कळा एकाच वेळी लागणे रोजचे आहे. म्हणून 'मी दाबलं होतं, तरी उडी मारली नाही' ही तक्रार कधीकधी शंभर टक्के खरी असते. तपासणे सोपे आहे. एखादी कळ टिपून दाखवणारी चाचणी उघडायची किंवा गेममध्येच दोन कळा धरून तिसरी दाबून पाहायची. उमटत नसेल तर कीबोर्ड बदलण्याआधी कळांची जोडी बदलून पाहावी. जाळीच्या दुसऱ्या भागातली कळ घेतली की काम होते.

आणि वेगाचे म्हणाल, तर इथे जाहिराती फार बोलतात. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे येतात तेव्हा एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद टिकते. डोळ्याला काही दिसून बोट हलायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे बारा ते पंधरा चित्रे. चांगला खेळाडू दिसल्यावर उडी मारतच नाही, तो आधीच ओळखून मारतो. खेळ बनवणाऱ्यांना हे माहीत असते. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांच्या 'सेलेस्ट'मध्ये कड्यावरून पाय सुटल्यानंतरही सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत उडी मारलेली चालते. डोळ्याला हे जाणवत नाही, वाटते आपण कड्यावरूनच झेपावलो. या सवलतीपुढे वायरचा पॅड की बिनवायरचा, हा फरक बहुतेकांसाठी किरकोळ आहे. टीव्हीवर खेळणाऱ्यांनी त्यापेक्षा टीव्हीच्या सेटिंगमधला 'गेम मोड' चालू करावा. चित्र सुंदर करण्याच्या नादात टीव्ही जो उशीर करतो, तो पॅडच्या उशिरापेक्षा कितीतरी जास्त असू शकतो.

आता पुन्हा हाताकडे. गेमपॅडवर जवळपास सगळे काम दोन अंगठ्यांवर पडते. जुन्या मारिओत उजव्या अंगठ्याचे टोक धावण्याच्या बटणावर दाबून धरायचे आणि त्याच अंगठ्याचा मागचा भाग टेकवून उडी मारायची. एकाच वेळी धरून ठेवणे आणि टेकवणे. १९९० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात एका पस्तिशीतल्या बाईंची हकीकत छापून आली. त्या सलग पाच तास निन्टेन्डो खेळल्या होत्या आणि उजव्या अंगठ्याच्या कंडरेत तीव्र वेदना घेऊन डॉक्टरांकडे आल्या होत्या. त्या दुखण्याला थट्टेने 'निन्टेन्डिनायटिस' असे नाव मिळाले. त्याच्याही नऊ वर्षे आधी, १९८१ साली, त्याच नियतकालिकाने 'स्पेस इनव्हेडर्स' खेळणाऱ्याचे मनगट छापले होते. पुढे 'मारिओ पार्टी'मध्ये काडी जमेल तितक्या जोरात गरगर फिरवायची होती, आणि मुले ती तळव्याने फिरवू लागली. तळव्यांना फोड आले, तक्रारी न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांपर्यंत गेल्या आणि २००० साली कंपनीने हातमोजे देण्याचे मान्य केले. साधन बदलले की दुखण्याची जागा बदलते, दुखणे जात नाही.

कीबोर्डवर तेच काम पाच-सहा बोटांत वाटले जाते, त्यामुळे अंगठ्याच्या मुळाचा त्रास असलेल्यांना तो बरा. पण कीबोर्ड मनगटाकडून वसुली करतो. लॅपटॉप टेबलावर उंच असला की मनगट वर उचलले जाते. पुष्कळ जण कीबोर्डच्या मागचे पाय उघडून तो आणखी तिरका करतात, तेव्हा ते अजून वाकते. मनगट वर वाकलेले असताना त्यातल्या बोगद्यात दाब वाढतो आणि हाताची मुख्य नस तिथूनच जाते. त्यात 'सेलेस्ट'ची मूळ मांडणी अशी, की झेड, एक्स आणि सी या डाव्या कोपऱ्यातल्या कळांवर पकडणे, झेप आणि उडी. लॅपटॉपवर तिथे बोटे नेताना मनगटाची खालची बाजू यंत्राच्या धारदार कडेवर टेकते. तासभर असे टेकून बसल्यावर बोटांना मुंग्या आल्या तर नवल नाही.

म्हणून सल्ला माणूस पाहून बदलतो. अंगठ्याच्या मुळाशी दुखते, झाकणे उघडताना कळ येते, किंवा वयोमानाने तिथला सांधा झिजला आहे, त्यांनी कीबोर्ड घ्यावा, किंवा पॅड ठेवून उडीचे काम अंगठ्याकडून काढून पॅडच्या वरच्या कडेच्या बटणावर, तर्जनीकडे द्यावे. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन जाग येते, त्यांनी कीबोर्ड आणि लॅपटॉप दूर करून पॅड घ्यावा. तो मांडीवर टेकवून धरला की मनगट सरळ राहते, खांदे खाली येतात. लहान मुलांच्या हातात मोठ्यांचा पॅड देऊ नये. त्यांचा अंगठा मधल्या काडीपर्यंत पोहोचायला ताणावा लागतो आणि पकड घट्ट होते. त्यांना छोटा पॅड, नाहीतर सरळ कीबोर्ड. ज्यांना काहीच दुखत नाही, त्यांनी जे हाताला गोड लागते ते वापरावे. नवे काही विकत घेण्याची गरज नाही.

ज्यांचा एक हात पक्षाघाताने, जन्मतः किंवा अपघाताने कमजोर आहे, त्यांच्यासाठी हा प्रश्न चैनीचा नाही. कीबोर्डवर सगळ्या कळा एका हाताखाली आणता येतात, हा त्याचा मोठा गुण. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली दोन मोठ्या बटणांचा, बाहेरून पायाचे किंवा कोपराचे स्विच जोडता येतील असा पॅड काढला. त्याच वर्षी आलेल्या 'सेलेस्ट'मध्ये खेळाचा वेग कमी करण्याची सोय पहिल्या दिवसापासून आहे. काही शूर खेळाडू तिला नाके मुरडतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नये.

साधनापेक्षाही एक गोष्ट हाताला जास्त छळते आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. जुन्या मारिओत तीन जीव असत. ते संपले की खेळ पहिल्यापासून, आणि तेवढ्यात पाणी प्यायला उठता येई, रिमोट भावाकडे जाई. आताचे अवघड खेळ तसे नाहीत. पडलात की क्षणात पुन्हा उभे. कंटाळा येऊ नये म्हणून ही सोय, पण त्यामुळे हाताला सुट्टी मिळत नाही. एकाच खड्ड्यावर ऐंशी वेळा पडणारा मुलगा ऐंशी वेळा तोच अंगठा त्याच कोनात दाबतो आणि रागाने पकड दरवेळी घट्ट करत जातो. सतत आवळलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही, तो लवकर थकतो. अवघड जागी आल्यावर आपण पॅड किती जोरात धरला आहे हे एकदा मुद्दाम पाहावे. बटणाला लागणारा दाब फार थोडा असतो, आपण देतो तो कितीतरी पट. दर वीस-पंचवीस मिनिटांनी हात खाली सोडून दोन मिनिटे उठावे. त्यासाठी गेमवर विसंबू नये, घड्याळ लावावे.

एवढे करूनही दुखणे दोन आठवड्यांत उतरले नाही, अंगठा वाकवताना अडकून टकदिशी सुटू लागला, हातातून वस्तू निसटू लागल्या किंवा बोटे बधिर राहू लागली, तर डॉक्टरांना दाखवावे. मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक घेऊन त्यावर खेळत राहणे हा सर्वांत वाईट मार्ग. वेदना ही हाताने केलेली तक्रार असते, ती दाबून खेळ चालू ठेवला की सूज आतल्या आत वाढत जाते.

त्या मुलाला अंगठ्याला आधार देणारा पट्टा तीन आठवड्यांसाठी दिला. तो अंघोळीपुरता काढायचा. दिवसातून तीनदा बर्फाचा शेक आणि थोडे दिवस गोळ्या. इंजेक्शन लागले तर नंतर पाहू, असे ठरले. गेमचे काय, हे त्याने स्वतःच विचारले. पट्टा असेपर्यंत बंद, आणि नंतर उडी तर्जनीवर न्यायची, असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा वडिलांना ते फारसे पटले नाही. "म्हणजे खेळूच द्यायचं म्हणता?" ते म्हणाले. डॉक्टरांनी मुलाला परीक्षेची तारीख विचारली.

सहा आठवड्यांनी तो पुन्हा आला. दुखणे बरेच उतरले होते. ड्रॉइंगचा पेपर पूर्ण सोडवला, शेवटचा अर्धा तास अंगठा भरून आला एवढेच. उडी त्याने पॅडच्या उजव्या कडेच्या बटणावर नेली होती आणि पहिले चार दिवस त्याचे हाल झाले होते. "जुन्याच बटणावर अंगठा जातो सर, आपोआप," तो म्हणाला. यावर त्याने स्वतःच उपाय काढला होता. जुन्या बटणावर त्याने चिकटपट्टीचा एक जाड तुकडा लावला होता, अंगठा तिथे गेला की लगेच कळावे म्हणून.